स्टेन्ड ग्लासच्या पॅनेलमध्ये अकीकाच्या चकत्या बसवण्याविषयी

काचवेल, जालना

नमस्कार. घरातील पश्चिमेच्या खिडकीसाठी साधारण ६० बाय ४५ सेंटीमीटरचे स्टेन्ड ग्लासचे पॅनेल करण्याचे मी योजले आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर हा विषय ठरला असून, पिसाऱ्यातील डोळ्यांच्या जागी रंगीत काचेऐवजी आपल्याच भागातला दगड बसवावा, अशी मनापासून इच्छा आहे. जालना परिसरातील खाणींतून निघालेले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक माझ्याजवळ आहेत. शिवाय अकीकाच्या, म्हणजे दुकानदार ज्याला ॲगेट म्हणतात त्याच्या, काही चकत्याही आहेत. त्यांतल्या काही करड्या-तपकिरी, काही गडद निळ्या आणि एक गुलाबी आहे. काच कापून तिच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी लावणे आणि सोल्डरने, म्हणजे वितळवून सांधायच्या मिश्रधातूने, सांधणे मला जमते. दगडालाही हीच पद्धत चालेल का, उष्णतेने तो तडकेल का, आणि यांतले कोणते दगड घ्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गारगोटी, छत्रपती संभाजीनगर

स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट या कामाला घेऊ नयेत. हे दोन्ही आणि अकीक आपल्या काळ्या बेसॉल्टमधील पोकळ्यांतच तयार झाले असले, तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिल्या दोघांच्या रचनेतच पाणी असते, तापवल्यावर ते निघून जाते आणि स्फटिक पांढुरके, ठिसूळ होतात. शिवाय त्यांचे पापुद्रे सहज सुटतात. ते कपाटातच शोभतील. अकीक हा मात्र अतिसूक्ष्म कणांचा क्वार्ट्झ आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोहस् मापावर त्याचा कठीणपणा ६.५ ते ७, म्हणजे खिडकीच्या काचेपेक्षा जास्त असतो, आणि पातळ चकतीतून प्रकाश सुंदर पाझरतो.

गडद निळ्या आणि गुलाबी चकत्या बहुधा कृत्रिम रंग दिलेल्या असतात, आणि त्यांतले काही रंग, विशेषतः गुलाबी, पश्चिमेच्या उन्हात विटतात. त्यामुळे त्या या खिडकीला नकोतच. तांबूस छटा हवी असेल तर भट्टीत तापवून लाल केलेला अकीक घ्यावा, कारण तो रंग दगडातीलच लोहाचा असतो आणि उन्हात टिकतो. गुजरातेतील खंबातचे कारागीर अकीक असाच तापवत आले आहेत. पैठणच्या मोराला हा दगड शोभण्याचे आणखी एक कारण आहे: पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या अशाच पट्टेदार दगडाची नोंद आढळते.

तांबेपट्टी, पैठण

पद्धत तीच चालते, पण क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी चित्र काढून त्यात दगड बसवण्याऐवजी आधी चकत्या कागदावर मांडाव्यात, त्यांची बाह्यरेषा जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि मग भोवतीचा मोर रेखाटावा. काचेत खोल अंतर्वक्र काप घेणे अवघड असते. म्हणून प्रत्येक चकतीच्या कडेपासून बाहेर जाणाऱ्या सांध्याच्या रेषा आखाव्यात, म्हणजे एकेका तुकड्याच्या वाट्याला वर्तुळाचा थोडाच भाग येईल. तुमच्या चित्रात पिसाच्या काड्या हे काम आपोआप करतील, आणि म्हणूनच ही कल्पना मला विशेष आवडली.

चकती तेल सोडणाऱ्या करवतीवर कापलेली असेल तर पट्टी चिकटत नाही. भांड्यांच्या साबणाने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती स्वच्छ करून पूर्ण वाळवावी. दगडाची खडबडीत साल हिऱ्याच्या ग्राइंडरवर, पाणी चालू ठेवूनच घासावी, कारण क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ३ मिलिमीटर काचेला लागणारी पट्टी ५ मिलिमीटरच्या दगडाला पुरत नाही. दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर वळेल, अशी ७ ते ८ मिलिमीटरची घ्यावी.

६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. तेवढ्याने अकीक सहसा तडकत नाही, मात्र सोल्डरिंग आयर्न (सोल्डर वितळवणारे तापते अवजार) एकाच जागी रेंगाळले तर धोका असतो. थोडे सांधून दुसऱ्या चकतीकडे वळावे, आणि गरम पॅनेलवर थंड पाणी मुळीच ओतू नये. चकतीच्या मध्यभागी स्फटिकांची पोकळी असेल तर तिच्यावर आधीच कागदी टेप लावावी, नाहीतर आत शिरलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून आधी लावायचे रसायन) निघता निघत नाही. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये.

काचवेल, जालना

आपल्या सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. निळ्या-गुलाबी चकत्या बाजूला ठेवते. तांब्याच्या पट्टीऐवजी शिशाची खाचपट्टी वापरली तर पॅनेल अधिक मजबूत होईल का?

तांबेपट्टी, पैठण

या चित्रासाठी नाही. काचेच्या मापाच्या खाचेत जाड दगड बसत नाही, आणि पिसांची लहान वळणे शिशात जड दिसतात. मजबुती चौकटीतून मिळवावी. एवढ्या आकाराच्या नुसत्या काचेचेच वजन सुमारे २ किलो होते, त्यात दगड आणि सोल्डर यांची भर पडेल. म्हणून कडेला जस्ताची पट्टी लावावी, दगड कडेपासून आत ठेवावेत आणि मधल्या एकदोन लांब सांध्यांत तांब्याची मजबुतीची पट्टी उभी घालावी. टांगायचे असल्यास कड्या चौकटीच्या कोपऱ्यांवर सोल्डर कराव्यात, सुट्या तुकड्याच्या कडेवर नव्हे. लाकडी चौकटीत बसवायचे असल्यास चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडावी, कारण मे महिन्यात पश्चिमेची खिडकी फार तापते.