'पेन्शन' हा शब्द आला कुठून? आणि कम्युटेशनच्या रकान्यात काय भरायचं?

परळकर:
वडील मध्य रेल्वेतून ६० व्या वर्षी निवृत्त होताहेत. पेन्शन हा शब्द 'पेनी'वरून आला म्हणतात, खरं का? आणि फॉर्मात ४० टक्के कम्युटेशनचा रकाना आहे, तो भरायचा की सोडायचा?

शब्दवेल्हाळ:
पेनीचा संबंध नाही, तो जर्मानिक कुळातला शब्द. पेन्शनचं मूळ लॅटिन 'पेन्देरे', म्हणजे टांगणं, तोलणं. पैसे म्हणून धातू तागडीत तोलून द्यायचे, त्यामुळे तोलणं म्हणजेच चुकते करणं. त्यातून 'पेन्सिओ', म्हणजे भरणा, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी पेन्शन. पाउंड, एक्स्पेन्स, कॉम्पेन्सेशन हे सगळे भाऊबंदच. म्हातारपण यात मुळात कुठेच नाही. ते आहे सुपरअ‍ॅन्युएशन (ठरल्या वयाला निवृत्ती) या शब्दामध्ये: 'अ‍ॅन्नुस' म्हणजे वर्ष. सरकारी मराठीतलं 'नियत वयोमान' त्यापेक्षा कितीतरी सरळ.

जुनी_बखर:
सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात पेन्शन म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेला भत्ता. वर टोमणा, की इंग्लंडात ती सरकारी भाडोत्र्याला देशद्रोहाबद्दल मिळते. १७६२ मध्ये त्यालाच वर्षाला ३०० पौंडांची पेन्शन लागली! आपल्याकडे १८१८ मध्ये राज्य गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाख ठरले, १८५१ मध्ये तो वारल्यावर कंपनीने नानासाहेबांना ते नाकारले. सगळा देणाऱ्याच्या मर्जीचा मामला. डी. एस. नकारा या पेन्शनरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ ला ही समजूत मोडली: पेन्शन मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीचा हक्क आहे.

हिशेबनीस:
आता रकाना. कम्युटेशन, म्हणजे अंशराशीकरण: महिन्याच्या पेन्शनचा काही भाग सोडून त्याचे पैसे एकरकमी उचलायचे, जास्तीत जास्त ४० टक्के. मूळ पेन्शन ३०,००० धरा. १२,००० × १२ × ८.१९४ = ११,७९,९३६ रुपये. ८.१९४ हा सरकारी तक्त्यातला गुणक; तो पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा घ्यायचा, इथे ६१ चा. बरेच जण ६० चा, थोडा मोठा, घेतात आणि रक्कम कमी आली म्हणून ओरडतात. महिन्याला मग १८,००० उरतात, महागाई भत्ता मात्र पूर्ण ३०,००० वरच. कापलेले १२,००० पंधरा वर्षांनी परत चालू होतात. एकरकमी पैशावर सरकारी कर्मचाऱ्याला आयकर नाही. अर्ज निवृत्तीनंतर वर्षाच्या आत करा, नाहीतर मेडिकल लागतं.

परळकर:
१५ वर्षांत २१,६०,००० कापले जाणार. तोटाच ना?

हिशेबनीस:
साधारण ९ टक्के व्याजाचं कर्ज समजा. पण पेन्शनर मध्येच गेला तर उरलेलं कोणी वसूल करत नाही, फॅमिली पेन्शनलाही त्याची कात्री लागत नाही. महागडं कर्ज फेडायचं असेल तर जरूर घ्या, नुसतं एफडीत टाकायला नको. घेतलंत तर कपात कोणत्या महिन्यापासून सुरू झाली ते पीपीओच्या (पेन्शन पेमेंट ऑर्डरच्या) झेरॉक्सवर लिहून ठेवा. पंधरा वर्षांनी बँकेने आपणहून पूर्ण पेन्शन सुरू केली नाही, तर त्याच तारखेवरून अर्ज करावा लागतो.