मराठी ऑडिओबुकांचं टॅगिंग: एकाच पुस्तकाचे तुकडे का दिसतात?

विरारकर:
जवळपास १४० मराठी ऑडिओबुकं आहेत, बहुतेक एमपी३. लोकलमध्ये नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळी फोनच्या मेमरी कार्डावर ठेवतो. काही कथासंग्रह प्लेअरमध्ये तीन-तीन ठिकाणी दिसतात. प्रकरण १ नंतर थेट १० लागतं. जुन्या एमपी३ प्लेअरवर तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! अभिवाचकाचं नाव कोणत्या रकान्यात लिहायचं? टॅगिंगसाठी, म्हणजे फायलींच्या आत पुस्तक-लेखकाची नावं भरायला, एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर वापरतो.

गॅलरीतला रेडिओ:
कथासंग्रहच फुटतायत, म्हणजे 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा असणार. कथेगणिक अभिवाचक बदलतो, त्याचं नाव 'आर्टिस्ट'मध्ये पडलेलं असतं आणि प्लेअर प्रत्येक नावाचं वेगळं पुस्तक धरतो. पुस्तकाच्या सगळ्या फायली एकदम निवडा. 'अल्बम'मध्ये पुस्तकाचं नाव, 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये लेखक (संपादित संग्रह असेल तर संपादक), 'टायटल'मध्ये प्रकरण किंवा कथा, 'कंपोझर'मध्ये अभिवाचक. कंपोझरच का, तर ऑडिओबुकशेल्फ (घरच्या सर्व्हरवरून ऑडिओबुकं ऐकवणारं सॉफ्टवेअर) अभिवाचकाचं नाव तिथूनच उचलतं. अल्बमचं नाव एकेका फायलीत टाइप करू नका, शेवटी एक जादा स्पेस राहिली तरी पुस्तक पुन्हा फुटतं.

क्रमासाठी एमपी३टॅगमध्ये कंट्रोल + के दाबा आणि पुढे शून्य लावण्याचा पर्याय निवडा. इथे आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी १० हा बऱ्याच प्लेअरना आकडा वाटतच नाही. सीडीवरून घेतलेल्या संचात दुसऱ्या सीडीला पुन्हा १ पासून सुरुवात होते. अशा वेळी अख्ख्या पुस्तकाला सलग क्रमांक द्या.

प्रश्नचिन्हांचं मूळ आयडी३ व्ही१ मध्ये, म्हणजे एमपी३ टॅगच्या जुन्या पद्धतीत आहे. त्यात शीर्षकाला जेमतेम ३० बाइटची जागा, आणि युनिकोड नाही, म्हणजे देवनागरी चालत नाही. जुने प्लेअर तेच वाचतात. ऑप्शन्स, टॅग्ज, एमपेग इथे जाऊन व्ही२.३ यूटीएफ-१६ (युनिकोड चालणारी नवी पद्धत) ठेवा, व्ही१ लिहिणं बंद करा. 'रिमूव्ह'खाली फक्त व्ही१ ठेवून जुने टॅग काढा, पण आधी एका कॉपीवर करून बघा. मात्र प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसत असतील तर प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही. तिथे टॅग बदलून काही होणार नाही.

काना_मात्रा:
वरचं सगळं बरोबर, पण मराठीत खरा घोळ सर्चमध्ये होतो. 'ॲ' तीन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र अक्षर, अ वर चंद्र, किंवा मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. 'किनाऱ्यावर'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी. डोळ्याला सारखंच दिसतं, सर्चला नाही, आणि एकाच लेखकाच्या दोन नोंदी होतात. एमपी३टॅगच्या ॲक्शन्समध्ये 'रिप्लेस' घालून एकच रूप ठरवा आणि अख्ख्या संग्रहावर चालवा. हे काम फायलींची नावं टॅगवरून बदलण्याआधी करा.

फायलींची नावं आखूड ठेवा. लिनक्सवर नावाला साधारण २५५ बाइट मिळतात. देवनागरीत काना, मात्रा, हलंत धरून प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपतो. विंडोजवर बिनतक्रार चाललेलं लांब नाव घरच्या सर्व्हरवर कॉपी करताना अडतं ते यामुळेच. फोल्डर: लेखक, त्यात पुस्तक. बस.

विरारकर:
अल्बम आर्टिस्ट भरल्यावर सगळे संग्रह जुळले, आभार! आता सगळ्यांचं एम४बी करावं का?

गॅलरीतला रेडिओ:
माझं मत हो. अख्खं पुस्तक एका फायलीत, आत प्रकरणांच्या खुणा. ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनोला तासाला साधारण २९ एमबी लागतात, १० तासांचं पुस्तक २९० एमबीच्या आत बसतं.

काना_मात्रा:
सरसकट नको. एमपी३चं एएसी (एम४बीच्या आतला आवाजाचा प्रकार) करताना आवाज थोडा उतरतोच, आणि मूळ फाइल आधीच ६४ची असेल तर जागाही वाचत नाही. पन्नास-साठ तुकड्यांची पुस्तकं तेवढी जोडा. मूळ एमपी३ मात्र लगेच उडवू नका. प्रत्येक प्रकरणाच्या खुणेवर जाऊन पहिलं वाक्य ऐका. खूण दोन सेकंद जरी पुढे पडली तरी प्रकरणाची सुरुवात कापली जाते.