कपाटामागे काळी बुरशी, पुसली तरी परत येते – मदत हवी आहे

चौथा_मजला:
बेडरूममधलं लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून आहे. त्यामागे जमिनीपासून दोनेक फुटांपर्यंत काळे ठिपके, कोपऱ्यात जास्त दाट. ब्लीचने दोनदा पुसलं, तीन आठवड्यांत जैसे थे. पोपडे कुठेच नाहीत. वॉटरप्रूफ रंग मारावा का?

थापी:
रंगाचा डबा इतक्यात उघडू नका. ओल भिंतीतून येतेय की हवेतून, ते आधी बघा. भिंत कोरडी पुसून फूटभर लांबी-रुंदीचं जाड पारदर्शक प्लास्टिक लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, दोन दिवस हात लावू नका. खोलीकडच्या अंगाला थेंब धरले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय. भिंतीकडच्या अंगाला ओल दिसली तर पाणी भिंतीतलं. पोपडे नाहीत, डाग फक्त आडोशाला, म्हणजे पहिलंच वाटतंय.

चौथा_मजला:
लावून पाहिलं. भिंतीकडून कोरडं, खोलीकडून दमट. हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) रात्री ७८ टक्के दाखवतो. कपडे याच खोलीत वाळतात.

थापी:
मग दुसरं कारण शोधायला नको. बादलीभर धुण्यातून लिटर-दीड लिटर पाणी सहज हवेत जातं. कपाटामागे वारा नाही, भिंत गार, वाफ तिथेच बसते. कपाट चार इंच पुढे ओढा; खालून बंद असेल तर पाय लावा, हवेला वाट मिळेल. कपडे वाळताना खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. बाहेर पावसाळी हवा असेल तर खिडकीचा उपयोग नाही, तेव्हा डिह्युमिडिफायरच, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र. हायग्रोमीटरचा काटा ६०च्या खाली राहायला हवा.

ओळंबा:
ब्लीचबद्दल. फरशीवर ठीक, पण गिलाव्यात त्यातलं पाणी मुरतं आणि क्लोरीन वरच्यावरच संपतो. डाग उडतो, बुरशी आत राहते. व्हिनेगरमध्ये तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, पंखा बंद. कोरडा ब्रश नकोच, बीजाणू खोलीभर उडतात. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर डिटर्जंट घाला, फडका घट्ट पिळून पुसा, दर दोन हातांनी घडी बदला, शेवटी फडका फेकून द्या. पुसून झाल्यावर मात्र पंखा लावून भिंत त्याच दिवशी वाळवा. कपाटाची पाठही बघा. फुगलेला हार्डबोर्ड पुसून सुधारत नाही, बदलावा लागतो.

चौथा_मजला:
आणि रंग?

थापी:
महिनाभर काटा ६०च्या खाली राहिला आणि ठिपके फिरकले नाहीत, तर बुरशीरोधक इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग. ऑइल पेंट नको, त्याखाली ओल कोंडते. एक राहिलं: दाट डागाच्या कोपऱ्यापलीकडे काय आहे?

चौथा_मजला:
बाथरूम.

थापी:
मग तिथे प्लास्टिकचा वेगळा तुकडा लावा. त्याच्या भिंतीकडच्या अंगाला ओल आली, तर कपाट कितीही पुढे ओढा, तो कोपरा वाळणार नाही. बाथरूमच्या त्या बाजूच्या फरशीचे सांधे आणि नळाची जोडणी तपासून घ्या.