अनुभव धागा: बायोडाट्यातला 'वर्ण' आणि आपली पसंत

कपाशीवाली ताई: आज भाचीचा बायोडाटा टाइप करत होते. उंची, शिक्षण, मग 'वर्ण' आला. भाची म्हणे, "मावशी, हे कायले लिवाचं?" हात थांबला. २००३ ची दिवाळी झाली, अन् दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात मला पाह्यला आले. पोराच्या आत्यानं सगळ्यांसमोर पदरानं माझा गाल पुसला, पावडर निघते का पाह्यला. आठवडाभर कपाशी वेचलेली, कपाळ रापलेलं. पावडर नव्हतीच. पसंत ज्याची त्याची, पण गाल पुसाचा? तुमचंही लिहा.

वरूडकर: पोराची बाजू सांगतो. २७ व्या वर्षी टक्कल. ११ पोरी पाह्यल्या. एकजण एकट्यात बोलली, "मले तुमचा चेहरा नाई जमत, माणूस बेस आहा." तिचा राग नाई आला. बाकीचे "कळवतो" म्हणून गेले, माय महिना महिना फोनपाशी बसे.

अवनी: ताई, वाचून रडूच आलं 😢 कुकर लावलाय, नंतर लिहिते

बोंडअळी त्रस्त: वेचणी कितीक झाली ताई? आमच्याकडं गुलाबी बोंडअळीनं पार नास केला.

मास्तर: शादी डॉट कॉमनं २०२० मध्ये वर्णाची चाळणी काढली. त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. आमच्या वधू-वर ग्रुपवर 'गोरी पाहिजे' आजही येते.

७ एकर: आमचा चेहराबी पसंत पडते, उंचीबी. कास्तकार म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठतात.

उंच माझा झोका: भाऊ, मी कास्तकारच मागितला, पण उंच. मी ५ फूट ८. घरचे म्हणत बुटका चालते. मले नाई चालला. ३ वर्षं थांबली, यवतमाळचा भेटला.

वरूडकर: म्हणजे तुमीबी रूपच पाह्यलं ना?

उंच माझा झोका: हाव, पाह्यलं. पण कोणाले भिंतीशी उभं करून मापलं नाई. नकार फोनवर मीच द्यायची, मायले नाई लावलं.

वरूडकर: हे पटलं.

अवनी: कुकर झाला. मले साक्षगंधानंतर हळदीचा लेप पाठवला होता सासरून, किलोभर. नवऱ्यानं तो बैलाच्या खांद्याले लावला, सूज होती त्याच्या.

बोंडअळी त्रस्त: उतरली का सूज?

अवनी: उतरली 😄

कपाशीवाली ताई: भाचीनं 'वर्ण' खोडला. तिथं लिवलं, 'विहिरीत पोहता येते'. फोटो वेचणीतलाच देते म्हणे, डोक्याले ओढणी बांधलेला.

७ एकर: कोणत्या गावची विहीर?