जंगलजेटी तीन आठवडे एकाच इंजिनावर चालते आहे, रोज बसावं का? (मदत हवी आहे)

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

कोकणातल्या आमच्या गावाहून पलीकडे जायला खाडी ओलांडावी लागते. जंगलजेटीने (माणसं आणि गाड्या नेणाऱ्या बोटीने) वीस मिनिटं, रस्त्याने पूल गाठून गेलं तर दोन तासांच्या वर. मी पलीकडे पतसंस्थेत नोकरी करते, लेक तिथेच अकरावीला आहे. आठवड्याचे सहा दिवस आम्ही दोघी त्या बोटीवर असतो. खाडीचं आणि बोट चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाची बदनामी करायची नाही, आणि फेरी बंद पडावी हे तर मुळीच नको आहे. आजारी माणसं, गाभण म्हैस, आंब्याच्या पेट्या, सगळं याच बोटीने जातं.

गेले तीन आठवडे बोटीच्या दोनपैकी एक इंजिन बंद आहे. गिअरबॉक्स गेलाय, सामान यायचंय, असं खलाशी सांगतात. त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं, कारण पायाखालची थरथर बदलली होती. पूर्वी बोट सरळ धक्क्यावर यायची. आता ओहोटी असली की सारंग (बोट चालवणारा) तिला आधी खाडीच्या बरीच आतल्या अंगाला नेतो आणि मग पाण्याबरोबर खाली उतरत रॅम्पला, म्हणजे धक्क्याच्या उताराला, लावतो.

मागच्या अमावस्येला संध्याकाळी हे जमलं नाही. उधाणाची ओहोटी जोरात होती. बोट रॅम्पच्या पुढे निघून गेली आणि तिचं तोंड खाडीच्या मुखाकडे फिरलं. नांगर टाकला, तो दुसऱ्या वेळी धरला. एका मच्छीमार होडीने दोर घेतला आणि अर्ध्या तासाने आम्ही धक्क्याला लागलो. बोटीवर दुधाचा टेम्पो, चार गाड्या आणि पन्नासेक माणसं होती. लाइफ जॅकेटं वरच्या जाळीत दोरीने बांधलेली, ती कुणी सोडलीही नाहीत. पाचवीनंतर लेकीने पहिल्यांदाच माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सारंगमामांना विचारलं. माणूस चांगला आहे, वीस वर्षं ओळखते. म्हणाले, "वहिनी, खाडी ती केवढी! एका इंजिनावर आरामात जाते." जाते हे मलाही दिसतंय. पण हे सुरक्षित आहे का? अशी बोट चालवायला परवानगी असते का, आणि ती कोण देतं? फेरी बंद न पाडता मी नक्की काय मागू? बोटींवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

जुना चीफ:

ताई, जहाजांच्या इंजिनरूममध्ये बत्तीस वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

सारंग खोटं बोलत नाहीत. बोटीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून निम्मी ताकद गेली तरी वेग निम्मा होत नाही, हिशेबाने ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहतो. बंद इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) पाण्यात ओढत न्यावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. पण सरळ पाण्यात बोट जाते, आणि त्यामुळेच सगळ्यांना वाटतं की फारसं काही बिघडलेलं नाही.

खरा फरक पडतो तो धक्क्याला लावताना. दोन पंखे असले की एक पुढे, एक मागे चालवून बोट जागच्या जागी फिरवता येते. एकच चालू असेल तर नाक सतत बंद इंजिनाच्या बाजूला ओढतं आणि सुकाणूने ते सावरावं लागतं. सुकाणूचा जोर पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर असतो. वेग कमी केला की तो जोरही जातो, आणि नेमका रॅम्पजवळच वेग कमी करावा लागतो. थांबायला इंजिन मागे टाकलं तर नाक दुसरीकडे फिरतं. तुमची बोट रॅम्प चुकली ती अशीच चुकली असणार.

आता सर्वांत महत्त्वाचं. बोटीला दोन इंजिनं देतात ती एक बंद पडलं तर दुसऱ्याने माणसं घरी यावीत म्हणून. तुमची बोट तीन आठवडे त्या राखीव आधारावरच धंदा करते आहे. त्यामुळे 'एका इंजिनावर जाते का' हे विचारू नका. 'हे चालू असलेलं मध्यावर बंद पडलं तर पुढे काय' हे विचारा. ओहोटीचा वेग तीन नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, धरा. बंद बोट मिनिटाला नव्वद मीटर वाहते. मुख एक किलोमीटरवर असेल तर हातात अकरा मिनिटंही नाहीत. आणि ते एकटं इंजिन ओहोटीशी झगडताना जास्तच ताणलं जातं, तापतं. म्हणजे ज्या वेळी ते बंद पडलं तर सर्वांत वाईट, त्याच वेळी ते बंद पडायची शक्यता जास्त.

मोठ्या जहाजांवरही हे घडलं आहे. मार्च २०१९ मध्ये 'व्हायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज चारपैकी एक जनरेटर नादुरुस्त असताना (त्याचे पंखे जनरेटरच्या विजेवरच फिरतात) नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघालं. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात, वंगणतेलाची पातळी कमी असल्यामुळे, उरलेले तिन्ही जनरेटर बंद पडले. जहाजावर १,३७३ माणसं होती, त्यातली ४७९ हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावी लागली. जहाज खडकांना जवळजवळ लागलंच होतं. तिथल्या चौकशी मंडळाने नंतर म्हटलं की त्या अवस्थेत जहाज निघायलाच नको होतं.

दुसरं उदाहरण तुमच्यासारख्या फेरीचंच, न्यूझीलंडच्या 'कैताकी'चं. २८ जानेवारी २०२३ ला कुक सामुद्रधुनीत इंजिनं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतला एक रबरी जोड फुटला आणि चारही मुख्य इंजिनं बंद झाली. बोटीवर ८६४ माणसं होती आणि ती वेलिंग्टनच्या खडकाळ किनाऱ्याकडे वाहत निघाली. नांगरांनी धरलं म्हणून वाचली. तो जोड २००५ साली बनवलेला होता आणि २०१८ मध्ये बसवलेला. चार इंजिनं असूनही एका रबराने सगळी घालवली! म्हणून दुसरं इंजिन दुरुस्त होऊन आल्यावरही विचारा: दोन्ही इंजिनांचं डिझेल एकाच टाकीतून येतं का? इंजिन थंड ठेवायला खाडीचं पाणी आत घेणारी जाळी एकच आहे का? आपल्या खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

रोजचा प्रवासी:

चीफकाकांनी यंत्राचं सांगितलं, मी बसण्याचं सांगतो. गाडीत बसून राहू नका. चावी गाडीलाच ठेवा, हँडब्रेक लावा आणि बाहेर या. लेकीला जॅकेट घालूनच उभं राहायला सांगा, कुणी हसलं तरी. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती, ताबा सुटला आणि पंधरा जीव गेले. जॅकेट शोधायला तेव्हा कुणाला वेळ होता? जाळीला बांधलेलं जॅकेट काही कामाचं नाही. दोरी सोडून ती बाकांखाली ठेवा, एवढी मागणी तर उद्याच करता येईल.

खाडीकाठची:

मनापासून आभार. काका, आज मामांना तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग नांगर, आणि देव." डिझेलची टाकी एकच आहे. नांगराला साखळी किती आहे ते त्यांना नक्की माहीत नव्हतं, खलाशाला मोजायला सांगितलंय. त्यांनाही हे आवडत नाही हो, पण फेरी नाकारली तर नोकरी जाईल. माझी तक्रार त्यांच्या अंगावर शेकू नये, ती कशी लिहू?

कागदवाला:

ताई, तक्रार माणसाविरुद्ध लिहूच नका. खाड्यांतल्या प्रवासी बोटी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. तुमच्या बंदर निरीक्षकाला आणि प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याला अर्ज द्या, पोच घ्या. इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ प्रमाणे बोटीला सर्व्हे प्रमाणपत्र (तपासणी करून दिलेलं) लागतं. दोन इंजिनं धरून प्रमाणपत्र दिलं असेल, तर एक बंद असताना तेवढीच माणसं आणि तेवढ्याच गाड्या नेण्याची लेखी परवानगी कुणी आणि कोणत्या अटींवर दिली, एवढंच विचारा. त्यात सारंगाचं नाव येत नाही.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एरवी मुदत ३० दिवसांची. पण माहिती माणसाच्या जीविताशी संबंधित असेल तर ४८ तासांत द्यावी लागते, ते कलम ७(१) अर्जात वरच लिहा.

जुना चीफ:

त्यात एक मागणी माझ्याकडून घाला, म्हणजे फेरी बंद होणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत उधाणाच्या दिवसांत भर ओहोटीला फेरी नको, वेळापत्रक भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं त्या वेळेला जुळवा. अंधारात नको. गाड्या निम्म्या. नांगरापाशी एक माणूस उभा. आणि इंजिन असलेली एक होडी धक्क्यावर तयार, त्या दिवशी योगायोगाने आली तशी नव्हे, पैसे देऊन ठेवलेली. आणि ही तडजोड फक्त सुक्या दिवसांपुरती. पावसाचं पाणी खाडीला आलं की एका इंजिनावर कुठलीच अट पुरी पडणार नाही.

खाडीकाठची:

अर्ज लिहून झाला. पतसंस्थेतल्या सात जणांच्या, दूधवाल्याच्या आणि कॉलेजच्या दोन सरांच्या सह्या झाल्या आहेत. जॅकेटं आज सकाळी आम्हीच खाली काढली. चाळीस निघाली, त्यांतल्या अकरांचे पट्टे तुटलेले. तेही अर्जात घातलं. साखळी पस्तीस मीटर भरली. काका, खाडी मध्ये दहा-बारा मीटर खोल आहे, एवढी पुरते का?

जुना चीफ:

खोलीच्या तिप्पट ते पाचपट हवी, ओढ असेल तिथे पाचपटच धरा. म्हणजे पन्नास-साठ. तुमचा नांगर पहिल्या वेळी का धरला नाही, ते आता कळलं. हे अर्जात आकड्यांसकट घाला.

खाडीकाठची:

घातलं. पौर्णिमा, म्हणजे पुन्हा उधाण, मंगळवारी आहे, मी सोमवारी रजा टाकून बंदर कार्यालयात जाते. मंगळवार-बुधवार लेक पलीकडे मावशीकडे राहील. काय होतं ते इथेच लिहीन.