बिग बिल ब्रून्झी यांनी पांघरलेला शेतकरी: नाइलाज की दिशाभूल?

मंद्रसप्तक (चर्चाप्रस्ताव)

इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या १९९२ च्या 'अनप्लग्ड' या ध्वनिमुद्रिकेतले 'हे हे' हे गाणे गिटार शिकणाऱ्या अनेकांनी ऐकलेले असते. ते मूळचे बिग बिल ब्रून्झी यांचे, १९५१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले. ब्रून्झी हे ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्याचे, गायक आणि गिटारवादक. त्या मूळ ध्वनिमुद्रणात उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर न थांबता ठोका देत राहतो आणि त्याच हाताची बोटे वरच्या तारांवर धून छेडतात. गिटार एकच आहे, यावर आधी विश्वासच बसत नाही. एवढ्या तयारीच्या, मुरलेल्या व्यावसायिक कलावंताने उत्तरायुष्यात स्वतःची ओळख नांगर सोडून आलेला खेडूत अशी होऊ दिली आणि त्या ओळखीत स्वतःही भर घातली, हे मला मनापासून खटकते.

वस्तुस्थिती अशी आहे. ब्रून्झी १९२० च्या दशकात शिकागोला आले, तिथले ब्लूज कलावंत पापा चार्ली जॅक्सन यांच्याकडून गिटार शिकले आणि १९२७ पासून पुढच्या पंधरा वर्षांत त्यांची दोनशेहून अधिक गाणी तबकड्यांवर आली. त्यांतल्या कित्येकांत पियानो आहे, ड्रम आहे, क्वचित ट्रम्पेटही आहे. १ मार्च १९३८ रोजी त्यांच्या ध्वनिमुद्रणात जॉर्ज बार्न्स या सोळा वर्षांच्या मुलाने विजेवर चालणारी गिटार वाजवली. या वाद्याच्या अगदी सुरुवातीच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते. त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मात्र हा गायक आर्कान्सातले शेत आणि खेचर सोडून प्रथमच मोठ्या शहरात आला आहे, असे श्रोत्यांना सांगितले गेले. १९५१ नंतर युरोपात त्यांनी हीच प्रतिमा एकट्याच्या साध्या, विजेशिवायच्या गिटारसह मिरवली. शिकागोत घडलेला आधुनिक कृष्णवर्णीय कलावंत त्यामुळे झाकला गेला, आणि या दिशाभुलीत ब्रून्झी यांचाही वाटा होता, असे माझे मत आहे.

दादरा

आपण दिलेले तपशील बरोबर आहेत, पण दोष चुकीच्या माणसाच्या माथी मारला जात आहे. कार्नेगी हॉलचा तो कार्यक्रम संगीतनिर्माते जॉन हॅमंड यांचा होता. त्यांना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन हवे होते. जॉन्सन ऑगस्टमध्येच वारल्याचे कळल्यावर ब्रून्झी यांना बोलावणे गेले. खेचराची कथा हॅमंड यांनी पसरवली. मंचावर ब्रून्झी यांनी काय गायले तेही पाहावे. 'जस्ट अ ड्रीम'मध्ये गाणारा स्वप्नात व्हाइट हाउसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत बसतो. १९३८ मध्ये, बहुसंख्य गोऱ्या श्रोत्यांसमोर, एका कृष्णवर्णीय गायकाने हे गाणे म्हणावे, याला खेडूतपणा कसा म्हणायचा?

दुसरे असे की, दोनशे गाण्यांनी त्यांचे घर चालले नाही. त्या काळी एका गाण्यामागे ठरावीक रक्कम हातावर टेकवून कंपन्या मोकळ्या होत असत. ब्रून्झी यांनी गाण्याच्या जोडीला सतत अंगमेहनतीची कामे केली. १९५० च्या सुमारास ते आयोवातल्या महाविद्यालयात साफसफाईचे काम करत होते. शिकागोतला तरुण कृष्णवर्णीय श्रोता तोवर ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या विजेच्या गिटारीच्या दणदणीत वाद्यमेळाकडे वळला होता. अशा वेळी युरोपाने ज्या रूपात बोलावले त्या रूपात जाणे याला मी पोटापाण्याचा शहाणपणा म्हणेन.

मंद्रसप्तक

पोटासाठी साधी गिटार हाती घेण्याला माझी हरकत नाहीच. माझी हरकत आहे ती सांगितलेल्या आयुष्याला. १९५५ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात आणि मुलाखतींत ते जन्मसाल १८९३ सांगतात आणि जन्मगाव मिसिसिपीत. चरित्रकार बॉब रीझमन यांच्या शोधानुसार जन्म १९०३ चा आणि आर्कान्सातला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आल्याची, परतल्यावर गणवेश उतरवून पुन्हा मजुराचे कपडे चढवण्याचा हुकूम एका गोऱ्या माणसाने सोडल्याची गोष्टही ते सांगत. १९१७ मध्ये चौदा वर्षांचा असलेला मुलगा सैन्यात कसा जाईल? अनेक वाचकांनी ती साक्ष म्हणून स्वीकारली.

कोमल निषाद

ती साक्षच आहे, फक्त एकट्याची नाही. युद्धावरून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना दक्षिणेत गणवेशावरून अपमान आणि मारहाण सोसावी लागली, हा इतिहास आहे. ज्यांच्यावर हे गुदरले त्यांतल्या बहुतेकांना आत्मचरित्र लिहायला कोणी सांगितले नाही. ब्रून्झी यांना संधी मिळाली आणि त्यांनी आपल्या माणसांचे भोगणे 'मी' म्हणून सांगितले. ब्लूजमधला 'मी' नेहमी गाणाऱ्यापुरताच असतो का?

आणखी एक प्रसंग येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. १९४७ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीतसंग्राहकांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रून्झी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन या तीन ब्लूज कलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी बोलते केले. नदीच्या बांधांवरच्या मजूरछावण्या, मालकांची दहशत, झुंडीने घेतलेले बळी, सगळे त्यांनी तेथे सांगितले. आपलेच बोलणे पुन्हा ऐकल्यावर ते घाबरले, कारण त्यांचे नातेवाईक दक्षिणेत राहत होते. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले तेव्हा खरी नावे दडवावी लागली. ज्या देशात खरे बोलायला खोटे नाव घ्यावे लागते, तेथल्या माणसाकडे जन्मतारखेचा हिशोब मागताना आपण थोडे थांबावे. वर्णभेदावरचे त्यांचे 'ब्लॅक, ब्राउन अँड व्हाइट' अमेरिकी कंपन्यांनी नाकारले. ते १९५१ मध्ये पॅरिसमध्ये मुद्रित झाले. ज्या युरोप दौऱ्यांना आपण दिशाभूल म्हणता, त्यांतल्या पहिल्याच दौऱ्यात त्यांचे सर्वांत थेट गाणे तबकडीवर आले.

मंद्रसप्तक

१९४७ च्या प्रसंगाचे वजन मला मान्य आहे, आणि युद्धकथेबद्दलचा आपला युक्तिवाद मी यापुढे लक्षात ठेवीन. तरी परिणामांचा प्रश्न शिल्लक राहतो. ऑक्टोबर १९५८ मध्ये, ब्रून्झी यांच्या निधनानंतर दोनच महिन्यांनी, मडी वॉटर्स इंग्लंडला गेले. त्यांची विजेची गिटार ऐकून तेथले काही समीक्षक बिथरले. खरा ब्लूज म्हणजे साधी गिटार घेतलेला एकटा खेडूत, हा समज त्यांच्या मनात आधीच पक्का झाला होता, आणि तो पक्का करणाऱ्यांत ब्रून्झी ठळक होते.

दादरा

ज्यांना हा फटका बसला म्हणता, त्या वॉटर्स यांनी ब्रून्झी यांच्या शवपेटीला खांदा दिला आणि १९६० मध्ये त्यांच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली. शिकागोत नव्याने आलेल्या आपल्याला ब्रून्झी यांनी कसा हात दिला, हे ते नेहमी सांगत. त्यांच्या मनात तक्रार नव्हती.

मंद्रसप्तक

ती तबकडी माझ्याच बाजूची आहे. वॉटर्स यांनी तिच्यात जी गाणी घेतली त्यांतली बहुतेक शिकागोच्या दिवसांतली आहेत, 'जस्ट अ ड्रीम'सह, आणि ती त्यांनी पियानो, हार्मोनिका, ड्रम आणि विजेच्या गिटारीवर वाजवली. त्यांनी मान दिला तो शहरातल्या ब्रून्झी यांना. युरोपातल्या श्रोत्यांना त्या ब्रून्झींची ओळख फारच कमी होती.