मदत हवी आहे : समुपदेशनाची वही कोर्टात द्यावीच लागते का?

नमस्कार मंडळी. मी एका महिला मदत केंद्रात समुपदेशक आहे. वकील नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या एका केसमध्ये समोरच्या वकिलांनी आमची नोंदवही कोर्टात मागवायचा अर्ज केलाय. त्या ताईंनी पहिल्या भेटीत रडत रडत जे सांगितलं ते सगळं त्यात आहे, माहेरच्या भानगडींसकट. खटल्याशी त्यातल्या निम्म्याचा काडीचा संबंध नाही.

माझ्या वाचनात आलं ते असं: भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 नुसार अशिलाने वकिलाला सांगितलेलं वकील उघड करू शकत नाही, आणि हे वकिलाच्या कारकुनाला, दुभाष्यालाही लागू आहे. समुपदेशकाचा उल्लेख मात्र कुठे सापडला नाही. म्हणजे कारकुनाला संरक्षण आणि आम्ही उघड्यावर? सरकारी वकीलही तिचे नव्हेत, सरकारचे.

कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्यांनी सांगावं: फक्त संबंधित पानं सीलबंद पाकिटात द्यायची परवानगी मागता येते का? अर्जाला विरोध आम्ही करायचा की तिच्या वकिलाने? आणि यापुढे नोंदी कशा ठेवायच्या? तारीख पुढच्या आठवड्यात आहे.